टाळ्या नकोत, अट काढा

दारू सोडून सहा वर्षं झालेल्या गवंड्याला सरकारी समितीने तिसऱ्यांदा बोलावलं होतं. व्यसनमुक्ती केंद्रांचे नियम बदलायचे होते. त्याची मागणी एकच होती: दाखल करून घेताना नातेवाइकाच्या सहीची अट नको. त्याच्यासाठी बहिणीने सही केली होती. त्याच्या रंगारी मित्राला मात्र कोणीच नव्हतं. केंद्राने त्याला दोनदा दारातूनच परत पाठवलं आणि महिन्याभरात तो गेला.

गवंड्याने हे सगळं समितीसमोर सांगितलं. अध्यक्षबाईंनी डोळे टिपले, बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

"किती प्रेरणादायी!" बाई म्हणाल्या. "चला, चहा घेऊ."

"आणि अटीचं काय?"

"बघू ना पुढच्या बैठकीत."

त्याने कारकुनाच्या वहीत डोकावलं. तिथे फक्त 'अनुभवकथन झाले' एवढंच होतं. त्याचं डोकं फिरलं.

"मी काय तुमची करमणूक करायला येतो? माझी मागणी लिहा. तोवर मी इथून हलणार नाही."

कारकुनाने नाइलाजाने ती लिहिली.

बाहेर येऊन त्याने बहिणीला फोन लावला. "ताई, आज निदान कागदावर आलं."

"आणि अट?"

"आहे तशीच आहे. पुढची बैठक कधी, तेसुद्धा कोणी सांगत नाही गं."