आत्याचे चार ठोके

माझ्या धाकट्या भावाला आम्ही तुफान म्हणतो, ते कौतुकानं नव्हे. तो ड्रम वाजवतो, आणि कुठलंही गाणं सुरू करतो त्याच्या दुप्पट वेगानं संपवतो. मी बेस वाजवते, म्हणजे त्याच्यामागे धावते. आमचा गायक गिटारही वाजवतो आणि पोटापाण्यासाठी दात उपटतो. अल्बम करायचं ठरलं तेव्हा त्यानं दवाखान्यातल्या आवाजात तुफानला बजावलं, "या वेळी पळालास तर तुझ्या जागी मशीन बसवीन. भूल न देता."

ड्रम वाजवणारं मशीन त्यानं खरंच आणून ठेवलं होतं. तुफानचं तोंड एवढंसं झालं. दिवसभर तो चपलांच्या दुकानात लोकांच्या पायांशी बसतो आणि तिथेही खोक्यांवर बोटं बडवतो. ड्रम गेले तर या मुलाकडे उरणार काय? मला रडूच यायला लागलं, पण मी मोठी बहीण, म्हणून त्याला चार शिव्या दिल्या.

आमचा स्टुडिओ म्हणजे आत्याचं सोफे दुरुस्त करायचं वर्कशॉप. भिंतींना फोमचे जाड ताव टेकलेले असतात, त्यामुळे आवाज बाहेर जात नाही, तोही फुकटात. आमचा साउंडवाला लॅपटॉप घेऊन कापड बेतायच्या टेबलावर बसला आणि त्यानं तुफानच्या हेडफोनमध्ये ठेक्याची टिकटिक सोडली. तुफान असा सुटला की टिकटिक बिचारी मागे एकटीच चालत राहिली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. गायक वैतागून दवाखान्यात निघून गेला.

तेवढ्यात पलीकडे आत्यानं एका खुर्चीला कापड ठोकायला घेतलं. ती मोठ्यानं मोजल्याशिवाय खिळा मारत नाही. "एक, दोन, तीन, चार." ठक, ठक, ठक, ठक. आणि तुफान नकळत तिच्याबरोबर वाजवायला लागला, अगदी पट्टीनं आखल्यासारखा! लहानपणी आईबाबा कामावर गेले की आम्ही दोघं आत्याच्या टेबलाखाली हेच ठोके ऐकत खेळायचो. हा मुलगा यंत्राचं ऐकत नाही, आत्याचं ऐकतो.

साउंडवाल्यानं धावत जाऊन आत्यासमोर माइक लावला. मग काय, संथ गाण्याला आत्या तीन माणसांचा सोफा ठोकायची, उडत्या गाण्याला स्टूल. तुफान जरा पुढे सरकला की ओरडायची, "अरे सावकाश! आग लागलीय का कुठे?" हे सगळं फक्त त्याच्या हेडफोनमध्ये जायचं आणि शेवटी पुसून टाकायचं ठरलं होतं.

"गायकाला सांगायचं नाही," तुफाननं माझ्याकडून शपथ घेतली.

गायक ड्रम ऐकून इतका खूश झाला की त्यानं तुफानचे दात फुकट तपासून दिले.

आमचा एक नियम आहे. तयार अल्बम प्रसिद्ध होईपर्यंत साउंडवाल्याशिवाय कुणी ऐकायचा नाही. सगळ्यांनी एकत्र बसून पहिल्यांदा ऐकायचा. तसा तो एका संध्याकाळी सगळीकडे प्रसिद्ध झाला आणि आम्ही नातेवाइकांसकट गिऱ्हाइकांच्या सोफ्यांवर दाटीवाटीनं बसलो. साउंडवाल्यानं बटण दाबलं. गिटार झणझणली, आणि स्पीकरमधून खणखणीत आवाज आला, "एक, दोन, तीन, चार!"

आत्याच्या हातातला कप हिंदकळला.

दुसरं गाणं विरहाचं. गायकानं त्यात काळीज ओतलं होतं. तो "परत ये" म्हणून टाहो फोडतो तिथे स्पीकरमधली आत्या म्हणाली, "अरे सावकाश! आग लागलीय का कुठे?" काका सोफ्यावरून खाली घसरले. मी तर पोट धरून जमिनीवरच बसले.

"मला ती ऐकूच येत नव्हती!" साउंडवाला केस उपटत होता. "इतके दिवस कानात होती, कान सरावले, पुसायचीच राहिली!"

"अगं बाई, हे सगळ्या जगाला ऐकू जातंय?" आत्यानं विचारलं.

जात होतं. लोक एकमेकांना पाठवत होते, आणि ही ओरडणारी बाई कोण म्हणून विचारत होते. गायक मात्र हसत नव्हता.

"म्हणजे आत्या नसत्या तर पळाला असतास," तो तुफानला म्हणाला.

"हो."

"मग शनिवारच्या कार्यक्रमात त्यांनाही स्टेजवर बसव. तरीही पळालास, तर मशीन."

शनिवारी हॉल खचाखच भरला. आत्या नवी साडी नेसून, मोडकी खुर्ची आणि हातोडी घेऊन माइकसमोर बसली. तिनं "एक" म्हटलं आणि अख्खा हॉल टाळ्या वाजवत ओरडला, "दोन, तीन, चार!" आत्यासाठी आयुष्यात कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. तिच्या अंगात वारं शिरलं. ठक-ठक-ठक-ठक! ती पळत सुटली, तिच्यामागे हॉल, हॉलमागे मी. गायकाची जीभ शब्दांत अडखळली. संपलं, मला वाटलं, आता माझा भाऊ उधळणार.

तो उधळला नाही. घामानं निथळत होता, ओठ चावत होता, पण ठेका सोडला नाही त्यानं. मग माइककडे वाकून ओरडला, "आत्या, सावकाश! आग लागलीय का कुठे?"

हॉल हशानं नुसता दणाणला. आत्याची हातोडी हवेतच थांबली. तिनं मागे वळून त्याच्याकडे पाहिलं, जीभ चावली, आणि त्याच्या ठोक्यावर पुन्हा मोजायला लागली, हळूहळू, शहाण्या मुलीसारखी.

गाणं संपल्यावर गायक डोळे पुसत ड्रमपाशी गेला. "मशीन दवाखान्यात लावतो," तो म्हणाला. "दात काढताना पेशंटचं मन तरी रमेल."

पुढच्या गाण्याला आत्यानं हातोडी उचललीच नाही.

"मोज ना," तुफान म्हणाला.

"तूच मोज आता," ती म्हणाली. "मला ऐकायचंय."