सकाळी साडेनऊची सरासरी

कल्पना करा, तुम्ही बदलापूर गावात रखमाबाईंच्या पाटीसमोर उभे आहात. पाटीत टपोरी जांभळं. तुम्ही म्हणता, "मावशी, पुढच्या रविवारी मला आजच्याच भावाने पाटीभर जांभळं द्यायची. हा घ्या विसार." रविवारी भाव चढला तर तुमची चंगळ! उतरला तर पाटी घ्यायचीच नाही. जाईल तो तेवढा विसार. शेअर बाजारातही असे विसार विकत मिळतात. त्यांना ऑप्शन म्हणतात. आणि अंबरनाथला शिवमंदिराजवळ राहणाऱ्या हिमानीच्या बाबाला या ऑप्शनांनी पार झपाटलं होतं.

बाबा, म्हणजे अवधूत, कारखान्यात अधिकारी होता. ऑप्शन कधी घ्यायचे याचा त्याने स्वतःचा एक नियम बसवला होता. तो चालतो का हे पाहायला त्याने गेल्या वर्षीच्या एकेका दिवसाला तो लावून पाहिला. जुन्या दिवसांवर घेतलेल्या या परीक्षेला बॅकटेस्ट म्हणतात. निकाल बघून बाबा खुर्चीतल्या खुर्चीत नाचला.

"उमा, जवळजवळ रोज फायदा! तुझे मशीनचे पैसे मला फक्त आठवडाभर दे. एकाऐवजी दोन मशिनी घेऊ."

आईची कात्री मध्येच थांबली. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांतून ती उरलेल्या कापडाची कतरण आणायची आणि तिच्या पिशव्या शिवायची. जाड कापड आलं की तिच्या जुन्या मशीनची सुई कडाकडा मोडायची. म्हणून पिशव्या विकून तिने एका दणकट मशीनपुरते पैसे साठवले होते. येत्या रविवारी ते बघायला जायचं ठरलं होतं.

"आणि बुडाले तर?"

"बुडतील कसे? वर्षभराचा पुरावा आहे."

आई हिमानीकडे वळली. "हिमू, तुझ्या बाबाची तोंडी परीक्षा घे. पास झाला तर देते पैसे."

हिमानीला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. मग काळजीही वाटली. बाबा हुशार होता आणि पैसे आईचे होते. शिवाय जुन्या दिवसांचं पुढे काय झालं ते बाबाला पाठच असणार! तिने कपाटातून नव्या शर्टाच्या घडीतला पुठ्ठा काढला आणि लॅपटॉपच्या पडद्यावर असा धरला, की तारीख झाकली गेली आणि उजवीकडचे, साडेनऊनंतरचे सगळे आकडेही.

"गेल्या वर्षीचा कुठलातरी दिवस. सकाळचे साडेनऊ वाजलेत. बोल, घेतोस का?"

"सोप्पंय. आत्ताचा भाव दिवसाच्या सरासरीपेक्षा खाली असेल तर घ्यायचं आणि बाजार बंद होताना विकायचं. पुठ्ठा जरा सरकव, सरासरी बघतो."

"नाही सरकवणार."

"अगं, सरासरी तिकडे टोकाला लिहिलीय!"

"कशाची सरासरी?"

"दिवसभरातल्या भावांची. सकाळपासून साडेतीनपर्यंतच्या."

हिमानी खुदकन हसली. "पण बाबा, अजून साडेनऊच वाजलेत! आमच्या बाई सगळे पेपर तपासून झाल्याशिवाय वर्गाची सरासरी काढत नाहीत. तुला दुपारचे भाव सकाळीच कोणी सांगितले?"

बाबाने कान खाजवला. पडद्याकडे पाहिलं, मग पुठ्ठ्याकडे.

"म्हणजे वर्षभर मी उत्तरं समोर ठेवून पेपर लिहिला?"

"कॉपी!" आई स्वयंपाकघरात जाता जाता म्हणाली. "आणि वर म्हणे पुरावा!"

बाबाने नियम दुरुस्त केला. साडेनऊपर्यंत जे दिसतं तेवढंच वापरायचं. हिमानी पुठ्ठा धरायची, बाबा आपला निर्णय मोठ्याने सांगायचा आणि मगच पुठ्ठा सरकायचा. कधी तो जिंकला, पण हरला त्याहून जास्त. चहा निवला. शेवटी त्याने स्वतःच लॅपटॉप मिटला.

"विद्यार्थी नापास," तो म्हणाला, "पण परीक्षक एक नंबर! उमा, आपण मशीनच घेऊ."

रविवारी तिघं शेअर रिक्षाने उल्हासनगरच्या कॅम्प तीनला गेले. दुकानदार दिपेशभाईंनी हसत स्वागत केलं. "आओ भाभी, आपके लिये ही रखा है." त्यांनी गल्ल्याखालून पातळ, मऊ सुती कापड काढलं आणि मशीनवर भरभर सरळ टीप मारून दाखवली. "देखा? एकदम मक्खन!"

"वा!" बाबा खूश झाला. आईचा हात पर्सकडे गेला.

हिमानीने ते सुती कापड बोटांनी चाचपून बघितलं. ते दिपेशभाईंनी निवडलं होतं. आई असलं कापड कधीच शिवत नव्हती.

"आई, एक मिनिट," ती म्हणाली. तिने पाठीवरची सॅक उतरवली, घरून आणलेला जीन्सचा सगळ्यात जाड तुकडा बाहेर काढला, त्याच्या चार घड्या घातल्या आणि दोन्ही हातांनी तो सुईखाली सरकवला.

"दिपेशकाका, आता यावर चालवून दाखवा."