सादिर-आके अजून आत आहेत

“‘हो’वर बोट ठेवा आणि मोकळ्या व्हा, एजे. कोण तपासतंय?” तळलेल्या पिठाचा बोर्सोक चघळत आमचे तरुण साहेब कुबानिच म्हणाले. आमच्याकडे थोरल्या बाईला एजे म्हणतात, थोरल्या पुरुषाला आके.

माझ्या नव्या कॉम्प्युटरवर काही शब्द उमटले होते. तळघरातला एक सर्व्हर दवाखान्याच्या सगळ्या नेटवर्कच्या पहाऱ्याचे, म्हणजे काय आत सोडायचं आणि काय नाही याचे, नियम सांभाळतो. ते शब्द म्हणजे त्याची ओळख. ते नियम बदलायचा कन्सोल नव्या कॉम्प्युटरवरून पहिल्यांदा जोडला की विचारतो, हाच ना तुमचा सर्व्हर? तळघरातल्या पडद्यावरही तेच शब्द असले, तरच हो म्हणायचं. इतकी वर्षं माझे म्हातारे सहकारी सादिर-आके खालून फोनवर ते वाचायचे आणि मी वर जुळवायची. मी कंटाळले की ते म्हणायचे, “सुनेचं तोंड न बघताच घरात घेशील का गं?”

तीन आठवड्यांपूर्वी आके बाजारात कांदे घ्यायला गेले आणि तिथेच कोसळले. आता वाचणार कोण? मीच खाली गेले. खुंटीला त्यांचं मेंढीच्या कातड्याचं जाकीट अजून लटकत होतं. शब्द तळहातावर लिहून वर आले, जुळवले, मगच ‘हो’ म्हटलं.

कन्सोल उघडला. आत काम करणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव होतं सादिरबेक, आमच्या आकेंचं. त्यांनी हात घातलेले नियम कुलूपबंद होते, दुसऱ्या कुणाला बदलता येत नव्हते.

“गेलेला माणूस कुलूप लावून बसलाय!” साहेब म्हणाले. “अर्धवट काम पुसून टाका, नव्यानं करा. ती कोश-बुलाकची सुईण सकाळपासून माझं डोकं खातेय.”

तिचं खोटं नव्हतं. त्या गावचा घाट बर्फानं बंद होता आणि तिच्याकडे एका पोरीचं मूल आडवं होतं. तिथली सोनोग्राफी इथल्या डॉक्टरीणबाईंना दिसायला हवी होती. आके तीच वाट उघडत होते.

“पुसणार नाही. आधी वाचते.”

“एजे, हट्ट करायची वेळ आहे का ही?”

“पहाटे तेल तापवून हे बोर्सोक त्यांच्यासाठी तळलेत. गेलेल्यांना वास पोचतो म्हणतात. तुम्ही त्यातले निम्मे खाल्लेत, आता जरा दम धरा.”

मी एकेक ओळ वाचली. अगदी अरुंद वाट आखली होती, त्या एका सोनोग्राफीपुरती, इकडचं तिकडचं काही आत येणार नाही अशी. अर्धवट काहीच नव्हतं. फक्त लागू करायचं राहिलं होतं, कांदे घेऊन आल्यावर करणार असावेत. मला फार रडू आलं.

नियम बदलता येत नसले, तरी ते काम माझ्या नावावर घ्यायचा किंवा आहे तसं लागू करायचा अधिकार मला होता. मी त्यांच्याच नावानं लागू केलं. यादीतलं त्यांचं नाव गेलं आणि खाली माझं एकटीचं उरलं.

थोड्या वेळानं फोन वाजला. कोश-बुलाकची सुईण तुर्सुनाय होती.

“एजे, चित्र पोचलं! डॉक्टरीणबाई बोलतायत माझ्याशी, काय करायचं ते सांगतायत. सादिर-आकेंना निरोप द्या बरं का. बर्फाआधी करतो म्हणाले होते. उशीर केला, पण शब्द पाळला म्हाताऱ्यानं!”

घाटापलीकडे कुणी कळवलंच नव्हतं.

“सांगते,” मी म्हणाले.

साहेबांनी हातातला बोर्सोक हळूच ताटलीत परत ठेवला.