शुक्रवारचं वजन

“चौसष्ट. अर्धा किलो वाढलं, एस्तेरबाई,” शोभाबाईंनी काट्यावर वाकून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

सुरतमधल्या डिंडोलीत त्यांच्या घरी दर शुक्रवारी बायकांची प्रार्थनासभा भरे. शहाण्णव सालच्या उपवासकाळापासून प्रार्थनेआधी प्रत्येकीचं वजन होऊ लागलं होतं.

“जिभेवर ताबा नाही, तर आत्म्यावर कुठून येणार? देवाचं घर आहे हे शरीर. त्यात अधाशीपणा भरू नका,” शोभाबाई म्हणाल्या.

बाकीच्या बायकांनी माना खाली घातल्या. एस्तेर घोरपडे घाईने काट्यावरून उतरली. म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत ती अठरा वर्षं शिकवत होती. कुठल्याही साहेबापुढे तिची अशी गाळण उडाली नव्हती.

त्या दिवसापासून तिने संध्याकाळचं जेवण सोडलं, मग सकाळचंही. घास उचलला की शोभाबाईंचा काटा आठवे. फळ्यावर लिहिताना अक्षरं हलायची, ती टेबलाचा आधार घ्यायची. नवरा प्रदीप हजीऱ्याच्या कारखान्यात कामाला, चार-चार दिवस तिकडेच. घरात मायलेकी दोघीच.

“आई, तू का नाही जेवत?” आईच्याच शाळेत सातवीत असलेली निशा विचारायची.

“देवाला आवडत नाही गं, सारखं खाल्लेलं.”

गुड फ्रायडेच्या आधीच्या सोमवारी शाळेच्या मैदानात गलका झाला. रांगेत उभी असलेली निशा कोसळली होती. एस्तेर धावली. तिने मुलीचा हात उचलला, तशी मनगटातली बांगडी घसरत थेट कोपरापर्यंत गेली. हे आपल्याला कधी दिसलंच नाही?

दवाखान्यात डॉक्टरांनी निशाच्या पापण्या ओढून पाहिल्या. “बेन, आ छोकरी कंई खाती नथी के शुं?”

“खाते की. डबा रोज रिकामा येतो.”

निशा छताकडे बघत पुटपुटली, “मैत्रिणींना देते मी. माझं पोट दिसतं, आई. देव मला टाकून देईल ना?”

“कुणी सांगितलं तुला असं?”

“तूच.”

डॉक्टर सलाईनची बाटली लावत राहिले. एस्तेरने लेकीचा हात घट्ट धरला. इतके आठवडे ती स्वतःच्या आत्म्यासाठी भीत होती. ती भीती या भीतीपुढे काहीच नव्हती.

दुपारी घरी येऊन तिने वरणभात केला, दोन ताटं वाढली. निशा हात मागे बांधून बसली.

“तू आधी.”

एस्तेरने जेवणाआधीच्या प्रार्थनेसाठी हात जोडले, शब्द आठवेनात. तिने तसाच घास घेतला. अर्धा भात पदरावर सांडला. उरलेला तोंडात गेला, पण गिळवेना. तिने पाण्याचा घोट घेऊन तो खाली ढकलला आणि दुसरा उचलला.

“आई, तुला भीती वाटतेय?”

“हो. खूप.”

तिने तिसरा घास घेतला. निशा आईच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती. पाहता पाहता तिने मागचा हात पुढे घेतला आणि एका बोटाने ताटातल्या भातात वरण कालवू लागली.