आपोआप वाढणारं पेट्रोल

गल्लीत तिला सगळे मीटरताई म्हणत. इंजिन कुणीही उघडावं, पण डॅशबोर्डमागचा तारांचा गुंता सोडवायचा तर तिच्याच शेडमध्ये यावं लागे. आज तिथे तीन मालकांच्या हातून फिरलेली एक जुनी मोटार उभी होती. बाप बाकावर बसला होता आणि लेक मीटरताईला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलत होता.

बाबा गाडी चालवतात तेव्हा म्हणे इंजिन तापतं. तापेना का, जुनी गाडी आहे. पण पेट्रोलही म्हणे आपोआप वाढतं. पाव टाकी घेऊन निघावं तर वाटेत अर्धी होते! आधीच्या मेकॅनिकने इंजिनाचा सेन्सर बदलला, टाकीतला पेट्रोल मोजणारा फ्लोट बदलला. लेकाने स्वतः आठवडाभर दिवसा गाडी हाकली, तापमानाचा आणि पेट्रोलचा, दोन्ही काटे कसे शहाण्यासारखे वागले. मग त्याने बाबांचे डोळे तपासून आणले. डोळे ठणठणीत निघाले. डोळ्यांत दोष नाही, म्हणजे डोक्यात. संध्याकाळी गिऱ्हाईक यायचं होतं. गाडी विकायची आणि बाबांचं चालवणं कायमचं बंद करायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं. काट्यांत दोष नाही एवढं मीटरताईने लिहून दिलं, की बाबांना समजावणं सोपं जाणार होतं.

दुसरं कुणी असतं तर लिहून देऊन मोकळं झालं असतं. पण मीटरताईला कोडं दिसलं की चैन पडत नसे. एक काटा चुकला तर त्याचा सेन्सर बिघडला म्हणावं. दोन्ही एकदमच वर चढतात, याचा अर्थ खोड दोघांच्या सामाईक जागी आहे. आणि हे बाकावरच्या माणसाला कुणी शिकवलेलं नव्हतं. मनाचे खेळ इतके नेमके कसे असतील?

तिने लेकाला शेजारी बसवून एक फेरी मारली. काटे ढिम्म. मग ती बाकापाशी गेली.

"काका, आता तुम्ही चालवा. मी नुसती बघते."

लेकाने तोंड वाकडं केलं, पण काका उठले. आरसा नीट केला, पट्टा लावला, गाडी सुरू केली आणि भर दुपारी हेडलाइट लावले. दोन्ही काटे हळूहळू वर सरकले.

दिवसाउजेडी दिवे कशाला, असं तिने विचारलं. काकांनाच प्रश्नाचं नवल वाटलं. चाळीस वर्षं ॲम्ब्युलन्स चालवली होती त्यांनी. दिवे लावल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे अंगातच मुरलेलं. तिने दिवे बंद करायला सांगितले. काटे खाली. पुन्हा लावायला सांगितले. काटे वर. चौथ्या वेळी ती खरं तर केवळ मजेखातर सांगत होती.

दहा मिनिटांत तिने मीटर बाहेर काढलं. दोन्ही काट्यांची आणि हेडलाइटबरोबर लागणाऱ्या मीटरमधल्या दिव्यांची अर्थिंगची तार एकच, काळी, आणि तिचा स्क्रू गंजून गेलेला. दिवे लागले की त्या अरुंद वाटेत विजेची गर्दी व्हायची आणि काटे भरकटायचे. तिने मीटरपासून गाडीच्या पत्र्यापर्यंत एक सुटी तार जोडून दिवे लावले. काटे जागचे हलले नाहीत.

लेक दाराला धरून उभा होता. त्याचा चेहरा पार उतरला होता.

"बाबा, दिव्यांमुळे होतंय एवढं तरी सांगायचं."

"मला तरी कुठे ठाऊक होतं? तुला तीनदा म्हटलं, एकदा मी चालवताना शेजारी येऊन बस. तू मला दवाखान्यात नेलंस."

काका रागाने बोलले नव्हते, म्हणून ते जास्तच लागलं. लेकाने गिऱ्हाइकाला फोन केला, गाडी विकायची नाही एवढंच सांगितलं आणि पलीकडचं दार उघडून बाबांच्या शेजारी जाऊन बसला. मीटर अजून उघडंच होतं, तारा लोंबत होत्या, पण त्या दोघांना जरा उतरा म्हणायला मीटरताईची जीभ रेटेना.