स्मशानाची फीत

भय्यासाहेबांच्या नातीचं, अवंतिकाचं, लग्न झालं ते २०२४ साल. त्याच उन्हाळ्यात जबलपूरपासून तासाभरावर, नर्मदेकाठच्या डोंगाघाटला स्मशानात टिनाची शेड उभी राहिली. गावात सुविधा पुष्कळ होत्या आणि सगळ्यांची उद्घाटनं थाटात झालेली. पाण्याच्या टाकीचं झालं, तिच्यात पाणी कधी चढलं नाही. दवाखान्याचं झालं, तिथे आता मांडवाच्या खुर्च्या ठेवतात. काम चोख झालं ते या शेडचंच. पण तिला लाल फीत बांधलेली, कारण मंत्रीजींची तारीख मिळेना. स्मशानात फोटो काढून घ्यायची हौस कोणाला असते?

‘उद्घाटनाआधी वापर नाही’ हा ठराव सुविधा समितीचे सचिव भय्यासाहेब यांनीच लिहिला होता. तीस वर्षं तोफांच्या कारखान्यात तपासनीस होते ते. कागदाशिवाय खिळासुद्धा फाटकाबाहेर जाऊ दिला नव्हता.

श्रावण लागला आणि त्यांच्या पत्नीने, शरयूबाईंनी, अन्न सोडलं. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. पाऊस उघडत नव्हता. आषाढात शेजारच्या प्रतिमाबाईंना उघड्यावर नेलं तेव्हा चिता तीनदा विझली होती. शरयूबाईंच्या कानावर ते आलं होतं.

"मला भिजत नका ठेवू हो," एवढंच त्या म्हणाल्या.

भय्यासाहेब छत्री घेऊन अध्यक्ष योगेंद्रकडे गेले.

"कक्काजी, ठराव तो आप ही का है," योगेंद्र म्हणाला. "चाची से कहिए, थोड़ा रुक जाएँ. पंद्रह अगस्त के बाद डेट पक्की."

"ती काय मंत्र्याची वाट पाहून राहिली का रे?"

"नियम तो नियम है, कक्काजी."

"काहून? मीच लिहिला ना? मग मीच खोडतो."

घरून त्यांनी शिवणाची कात्री घेतली, घाटावर गेले आणि फीत कापली. टपरीवर चहा पीत बसलेल्या चौघांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. मग भय्यासाहेबांनी समितीच्या वहीत लिहिलं, ‘तपासलं. वापरण्यास योग्य.’ खाली सही केली.

योगेंद्र धावत आला. "ये क्या कर दिया! फोटो तक नहीं हुआ!" मंत्रीजींसाठी त्याने फितीला गाठ मारून ती पुन्हा बांधली, पण जरा बाजूला, माणसं आत जाऊ शकतील अशी.

"शेड उघडली," भय्यासाहेबांनी घरी येऊन सांगितलं.

"अच्छा," शरयूबाई म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या.

१२ ऑगस्ट २०२४ला, सोमवारी सकाळी, शरयूबाई वारल्या.