उदगीरला कुणी उडी मारली?

आमचे मालक शेतात असले की त्यांच्याइतका शहाणा माणूस कंधार तालुक्यात न्हाई. लेकरासंगं खेळायला लागले की मात्र अक्कल खुंटीला टांगतात. आन् त्यासाठी दिवस कोणता निवडावा? थोरल्या शिवशंकरच्या डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेचा!

दोन वर्षं मी लातुरात क्लासच्या गल्लीत खोली करून राहिले. संगं शिवा आन् धाकटी उज्ज्वला. मालक गावाकडंच, परीक्षेपुरते आले होते. शिवा खाली ओट्यावर शेवटची उजळणी करत बसला. मी वर दहीभात कालवत होते. तेवढ्यात ह्या बापलेकीनं सहस्रकुंडच्या धबधब्याचा खेळ मांडला. म्हणजे काय, तर उजी धबधबा. पलंगावर चढायचं, "आलं पाणी!" म्हणून वरडायचं आन् खाली टाकलेल्या गादीवर उडी घ्यायची. तेवढ्यावर भागलं असतं, पण पोरगी म्हणली, "बाबा, तुम्ही पावसाळ्यातला धबधबा व्हा की!"

झालं! पावसाळ्यातला धबधबा धोतर खोचून पलंगावर चढला.

"अवो, खाली घरमालक हायेत!"

"आलं पाणी!"

खाली वीरण्णाकाका राहतात, आमचे घरमालक. किल्लारीच्या भूकंपात त्यांचं सगळं घरदार गेलं, हे एकटे राहिले. तवापासून फळीवर स्टीलच्या पेल्यांची उतरंड रचून ठेवतात. जमीन हालली की पेले पडणार, आवाज होणार, माणसं भाईर पळणार. इतक्या वर्षांत ती उतरंड कधी पडली नव्हती. मालकांनी एका उडीत पाडली.

"भूकंप! भाईर व्हा!"

काकांचा तो आवाज ऐकून मीबी पळाले, हात भातानं भरलेला. मालक उजीला खांद्यावर टाकून माझ्या फुडं! स्वतःच केलेल्या भूकंपाला भिऊन पळणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. शेजारच्या खोल्यांतली अकरावीची पोरं रस्त्यावर आली. कुणाच्या हातात पुस्तक, कुणाच्या तोंडात घास.

तवा शिवा पांढरा पडून म्हणला, "आई, हॉलतिकीट वर राहिलं."

केंद्राचं गेट बंद व्हायला लई वेळ नव्हता. आन् काका तर दारात काठी आडवी धरून उभे. "कुणीबी आत जायचं न्हाई. आमच्या गावात बारके धक्के बसायचे, तवा आम्ही हसायचो."

मालकांनी मान खाली घालून कबूल केलं, "काका, भूकंप न्हाई हो. मी उडी मारली."

"कशाला?"

"धबधबा होतो मी."

काकांनी लई दयेनं त्यांच्याकडं बघितलं. भेदरलेला माणूस काहीबी बरळतो, हे त्यांना ठाऊक. तेवढ्यात एक पोरगा मोबाइल बघून वरडला, "उदगीरला बी जाणवला म्हणं!"

"ऐकलं? मग उदगीरला कुणी उडी मारली, शेषेराव?"

मालक हळूच माझ्या कानाला लागले, "शिवाची आई, खरंच झाला असंल का गं?"

आता मात्र माझं डोस्कं फिरलं. "व्हा बाजूला! माझ्या लेकराची दोन वर्षं वर पडून हायेत," म्हणले, काठी सारली आन् आत घुसले. मागून काका रडकुंडीला आले होते, "बाई, नको गं! पाया पडतो!"

हॉलतिकीट देवाच्या फोटोमागं होतं. ते घेऊन जिना उतरले आन् जागीच थबकले. काकांनी काठी टाकली होती. दोन्ही हात वर करून चौकटीचा माथा धरून ते दारात उभे होते. डोळे गच्च मिटलेले.

"जा बाई, लवकर जा. मी धरलंय."

माझा राग कुठल्या कुठं पळाला. वाकून त्यांच्या हाताखालून भाईर आले, शिवाच्या हातात कागद दिला, एका पोराच्या गाडीवर त्याला बसवून दिलं. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली तवा मला श्वास आला.

काका तसेच उभे. "कुणी राहिलं का आत?" इचारून राहिले.

"कुणी न्हाई, काका. सोडा आता," पोरं म्हणली. पण हात काही खाली येईनात.

मग आमचे मालक फुडं झाले. काकांच्या शेजारी उभं राहून त्यांनी चौकटीला आपले दोन्ही हात लावले, अंगातला सगळा जोर लावल्यागत.

"काका, तुम्ही लई दमलाव," ते म्हणले. "आता मी धरतो. तुम्ही भाईर व्हा."

तवा कुठं काका भाईर आले.